डोंगर उतरल्यावर मिळालेले नाव

1977 साली केनियात एक गाणे तुफान चालले. ते ऐकणाऱ्या, त्यावर नाचणाऱ्या बहुतेकांना त्यातले शब्द कळत नव्हते, कारण ते ना स्वाहिलीत होते ना इंग्रजीत. केनियाच्या सैन्यातल्या शिपाईगड्यांच्या 'मरून कमांडोज' या वाद्यवृंदाचे ते गाणे. वृंदाचा म्होरक्या हाबेल किफोटो याने ते आपल्या मायबोलीत, म्हणजे आग्नेय केनियातल्या ताइता डोंगरांच्या बोलीत, बांधले होते. नाव होते 'चारोन्यी नि वासी'. 'चारो' म्हणजे प्रवास आणि 'न्यी' हा जागा दाखवणारा प्रत्यय; एकूण आशय असा की घरापासून दूर राहण्यात हाल आहेत. ज्या भाषेला कचेरीत, वर्तमानपत्रात, बाजारपेठेत फारशी जागा नाही, तिचा आवाज देशभर पोचला तो घर सुटल्याच्या तक्रारीतून. तक्रार करणारा होता सैन्यात पगारावर असलेला माणूस. आणि ती ऐकून शहरातल्या एखाद्या खोलीत 'हे आपले गाणे' असे म्हणणाऱ्यांत तीन वेगवेगळ्या डोंगरांची माणसे असणार, ज्यांच्या पणज्यांनी एकमेकांना 'आपले' म्हटले असते की नाही याची शंकाच आहे.

लहान जमाती शहराकडे निघाल्या की आपण एक ठरलेली गोष्ट सांगू लागतो. डोंगरावर एक जुनी, एकसंध संस्कृती होती. रेल्वे आली, पैसा आला, तरुण निघून गेले, भाषा विरली, चालीरीती सुटल्या. ताइतांच्या बाबतीत या गोष्टीतला प्रत्येक तुकडा थोडाफार खरा आहे, पण तुकड्यांचा क्रम उलटा आहे. 'ताइता' नावाची एक जमात आधी होती आणि मग ती पांगली, असे घडलेले नाही. ती बऱ्याच अंशी पांगण्यातून घडली. परमुलखाने या लोकांचे बरेच काही हिरावून घेतले, पण एक नावही दिले, आणि पुढे हक्कांसाठी भांडायची वेळ आली तेव्हा तेच नाव कामाला आले.

हे समजायला आधी ती जागा पाहावी लागते. मोंबासाहून नैरोबीकडे निघाले की सुमारे दीडशे किलोमीटरवर वोई लागते. सभोवती काटेरी झुडपांचा कोरडा माळ, आणि त्या माळातून वर उठलेले तीन डोंगर: पश्चिमेला दाविदाचा मोठा समूह, वोईला लागून सगाला, आणि दक्षिणेकडे दूर एकटा उभा असलेला कासिगाउ. दाविदातले वुरिया शिखर 2,208 मीटर उंच आहे. हिंदी महासागरावरून आलेले ढग या उंचीला अडतात, म्हणून डोंगरावर हिरवाई आणि खाली दुष्काळ, असा दोन हाकांच्या अंतरावरचा विरोध इथे कायमचा आहे. शेतकरी शहाणा, तो आपली शेते वर, मध्ये आणि पायथ्याला अशी विखरून ठेवी, म्हणजे एकीकडे पीक बुडाले तरी दुसरीकडे हाताशी काही लागे. या व्यवस्थेत माणसाची ओळख जमिनीशी आणि भावकीशी बांधलेली होती. मेलेल्या ज्येष्ठाची कवटी काही काळाने उकरून काढायची आणि कुळाच्या राखीव कपारीत पूर्वजांच्या रांगेत ठेवायची, ही इथली जुनी रीत. त्या कपाऱ्या आजही डोंगरात आहेत. 'तू कोण' या प्रश्नाचे उत्तर त्या कपारीपासून सुरू होई आणि बहुधा एका खोऱ्यापाशी, फार तर एका डोंगरापाशी संपे. अमेरिकन इतिहासकार बिल ब्रॅव्हमन यांनी 1998 सालच्या ग्रंथात 1800 ते 1950 या दीडशे वर्षांचा मागोवा घेऊन दाखवले आहे की तिन्ही डोंगरांना कवेत घेणारी ताइता ही वांशिक ओळख मुख्यतः वसाहतकाळात आकाराला आली.

याचा अर्थ त्याआधी लोक जागचे हलत नव्हते असा नाही. किनाऱ्यावरून आत जाणाऱ्या तांड्यांची वाट याच डोंगरांच्या पायथ्याने जाई. योहान रेबमान हा जर्मन मिशनरी 1847 साली कासिगाउला आला आणि पुढच्या वर्षी याच मुलखातून पुढे जाऊन किलिमांजारोचे बर्फ पाहणारा पहिला युरोपियन ठरला. दुष्काळ पडला की डोंगरातली माणसे किनाऱ्याकडे वा शेजारच्या मुलखात धान्य शोधत जात आणि पाऊस आला की परतत. मात्र ही ये-जा भावकीच्या नात्यांवरून, ओळखीपाळखीने होई. अनोळखी गर्दीत, पगारावर, वर्षानुवर्षे राहण्याचा प्रसंग नवा होता.

तो प्रसंग ज्या वाटांनी आला त्यातली एक नाशिकहून येते. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली काही आफ्रिकन मुले मुंबईत उतरवली जात आणि त्यांतली बरीच नाशिकजवळच्या शरणपूरला, चर्च मिशनरी सोसायटीच्या वस्तीत, वाढवली जात. तिथे लिहिणे-वाचणे आणि सुतारकी-लोहारकी शिकलेले हे 'बॉम्बे आफ्रिकन' पुढे मोंबासाला नेण्यात आले. त्यांच्यासाठी 1870 च्या दशकात मोंबासाशेजारी जी वसाहत वसली तिला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचे नाव मिळाले: फ्रेअर टाउन. ती उभारणारे विल्यम साल्टर प्राइस हे आधी शरणपूर चालवणारेच गृहस्थ. याच सोसायटीने 1883 साली सगाला डोंगरावर जोसेफ रे याला धाडले, आणि ताइता मुलखातले पहिले मिशन उभे राहिले. रे याने 1894 साली एक छोटेखानी व्याकरण छापले. त्याच्या शीर्षकात भाषेचे नाव 'ताइता' आहे. तो राहत होता मात्र सगालात. दाविदाच्या माणसाला सगालाची बोली नीटशी कळत नाही, आजही भाषाशास्त्रज्ञ त्या दोन स्वतंत्र भाषा मानतात. पण लंडनच्या छापखान्यात त्या एका नावाखाली बसल्या. कागदावरची एकी माणसांतल्या एकीच्या आधी जन्मली होती.

मग रेल्वे. 1896 साली मोंबासाहून निघालेले रूळ, हिंदुस्थानातून आणलेल्या सुमारे 32,000 मजुरांच्या घामावर, वोई आणि त्सावो ओलांडून 1899 साली नैरोबीला पोचले. त्सावोच्या नरभक्षक सिंहांची कथा जगाला पाठ आहे. त्याच रुळांनी शेजारच्या डोंगरांचे काय केले, हे विचारणारे कमी. झोपडीकर आला आणि तो रोकड्यात भरायचा होता. रोकड मजुरीत होती आणि मजुरी रुळांच्या टोकाला. 1920 च्या सुमारास प्रौढ आफ्रिकन पुरुषांच्या गळ्यात 'किपांदे' हा ओळखदाखला लटकू लागला. त्यावर मालकाचे नाव, पगार आणि जमात लिहायची असे. मोंबासाची गोदी, गोऱ्यांची स्वयंपाकघरे, रेल्वेची कामे, नैरोबीच्या कचेऱ्या, आणि घराजवळ राहायचे तर वोई, म्वाताते आणि तावेताच्या सपाटीवरचे घायपाताचे मळे. मिशनशाळांत लवकर शिकल्याने ताइतांना कारकुनी आणि मास्तरकीच्या जागाही मिळू लागल्या. साहजिकच एका घरातून एक गेला की त्याच्या मागोमाग चुलतभाऊ, मग मेहुणा.

सगळेच जाणे पोटासाठी नव्हते. पहिल्या महायुद्धात जर्मन पूर्व आफ्रिकेची सरहद्द इथून हाकेवर होती, आणि जर्मनांना मदत केल्याच्या संशयावरून इंग्रजांनी 1915 साली अख्ख्या कासिगाउच्या लोकांना किनाऱ्यावर मालिंदीकडे हद्दपार केले. डोंगरी हवेतली माणसे तिथल्या तापाने पुष्कळ मेली. उरलेल्यांना आपल्या डोंगराशी परतायला 1930 चे दशक उजाडले. दोन दशके परागंदा राहून हे लोक पुन्हा त्याच कपारींखाली येऊन वसले, हे विसरता येत नाही.

आता माझ्या म्हणण्याचा खरा कस. जमात परमुलखात घडली म्हणायचे तर घडल्याची खूण कुठे दिसते? ती 1930 च्या दशकाच्या अखेरीस दिसते. डोंगरावरची चांगली जमीन मळेवाल्यांकडे गेली होती, आणि सरकार लोकांना खाली हलवू पाहत होते. तेव्हा मेंगो वोरेशा आणि त्याच्या साथीदारांनी जी संघटना काढली तिचे नाव ना कुळाचे होते ना खोऱ्याचे: 'ताइता हिल्स असोसिएशन'. तिने नैरोबीतल्या किकुयू सेंट्रल असोसिएशनशी संधान बांधले. खोऱ्याबाहेर न पडलेल्या माणसाला ही भाषाच सुचली नसती. अर्ज कसा लिहायचा, सभा कशी भरवायची, दुसऱ्या जमातीचे लोक जमिनीसाठी कोणत्या नावाने भांडतात, हे शहराच्या आणि शाळेच्या वाटेवर शिकायला मिळाले. सरकारलाही ते कळले असावे, कारण 1940 साली किकुयू आणि कांबा संघटनांबरोबर या चिमुकल्या संघटनेवरही बंदी आली आणि तिचे पुढारी दूर डांबले गेले.

यावर एक रास्त आक्षेप आहे. हे नाव साहेबाने दिले. किपांदेवर, कर-वहीत, शिरगणतीत त्यानेच ते भरले. मग लोकांनी ते 'घडवले' असे कसे म्हणायचे? शिक्का साहेबाचा होता हे मान्य. पण शिक्के पुष्कळ मारले गेले आणि त्यांतले बरेच पुसलेही गेले. नाव टिकते ते त्याच्या आधाराने काही मिळत असेल तर. मोंबासाच्या चाळवजा खोल्यांत नवख्या माणसाला पहिल्या रात्रीची पथारी, कामाची खबर, आजारपणात वर्गणी हे सगळे कुणाकडून तरी हवे होते. फक्त आपल्या खोऱ्यातली माणसे शोधायची तर ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तिन्ही डोंगरांची मिळून मात्र मंडळी जमे. केनियाच्या शहरांत जमातवार कल्याण मंडळ्या उभ्या राहिल्या त्या या हिशेबाने, आणि मोठ्या जमातींच्या गर्दीत ताइतांसारख्या थोड्यांना तो हिशेब अधिकच कडक लागू पडला. साहेबाने चौकट पुरवली. आत संसार मांडला तो लोकांनी.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि तो डोंगरावर मागे राहिलेल्या बायकांचा आहे. जो घडला तो पुरुषांचा समाज, पुरुषांच्या वर्गणीवर. बायकांच्या वाट्याला काय आले? याचा एक चमत्कारिक पुरावा 1950 च्या सुमारास ताइतांत राहून अभ्यास केलेल्या मानववंशशास्त्रज्ञ ग्रेस हॅरिस यांनी नोंदवून ठेवला आहे. 'साका' नावाचा झपाटा बायकांना येई. खांदे थरथरत, मान लयीत हले, शुद्ध हरपे. निमित्त काय, तर मोटारीचा आवाज, काडेपेटी ओढल्याचा चटका, सिगारेटचा वास. काही वस्त्यांत लग्न झालेल्या बायकांपैकी निम्म्यांपर्यंत अशा झपाटलेल्या होत्या. उतारा होता नाच, आणि नाचासाठी लागत नव्या कापडासारख्या विकतच्या वस्तू, ज्या नवऱ्यालाच आणून द्याव्या लागत. हॅरिस यांनी याचा अर्थ लावला तो असा: जमीन आणि गुरे वारशाने पुरुषांकडे, मजुरी आणि प्रवासही पुरुषांकडे, शेत राबून पिकवणाऱ्या बाईला बाहेरच्या जगाची ओढ आणि धास्ती दोन्ही अंगातून बोलावी लागली. मला हा अर्थ पटतो, फक्त त्याला एक पुस्ती जोडावीशी वाटते. साका म्हणजे केवळ तक्रार नव्हे, वसुलीही होती. शहरातला पगार घरापर्यंत पोचण्याची ती एक वाट झाली, आणि मनीऑर्डरपेक्षा काही वेळा भरवशाची. तरी आक्षेप उरतोच. गाव सोडून मिळालेल्या नावाची किंमत गाव न सोडलेल्यांनी मोजली. स्त्रिया स्वतः शिकून शिक्षिका, परिचारिका, व्यापारी म्हणून शहरात जाऊ लागल्या तेव्हा कुठे हा हिशेब थोडा सावरला.

घर म्हणजे जिव्हाळ्याचाच ठेवा, असेही चित्र रंगवू नये. हॅरिस यांच्या मुख्य ग्रंथाचा विषय आहे 'कुतासा': मनातला राग तोंडातल्या घोटाबरोबर फुंकरून टाकण्याचा विधी, कारण सख्ख्यांचा दबलेला राग आजार आणि दुष्काळ आणतो अशी समजूत. ज्या समाजाने राग काढून टाकण्याला धर्माचा गाभा केले, त्याला भावकीतला राग चांगलाच ठाऊक असणार. पगारदार भाऊ सुटीत येतो, पत्रे घालतो, मुलांना बोर्डिंगात धाडतो, आणि कुंपणापलीकडे धुसफूस सुरू होते. 1990 च्या दशकात सरकारी खर्चाला कात्री लागली, शहरातल्या नोकऱ्या गेल्या, तेव्हा हे फार चिघळले. त्या काळात इथे काम केलेल्या जेम्स स्मिथ या अभ्यासकाने दाखवले आहे की ताइतांच्या बोलण्यात 'माएंदेलेओ', म्हणजे विकास, आणि चेटूक या दोन गोष्टी सतत एकमेकींच्या पाठीला पाठ लावून येत. म्हणजे शहर आणि डोंगर यांचे नाते प्रेमाचे आहे तसे संशयाचेही. पण संशय घ्यायलाही नाते लागते. परक्याच्या चेटकाला कोण भितो?

नात्याचा शेवटचा कस मयताला लागतो. कवट्या कपारीत ठेवण्याची रीत ख्रिस्ती धर्माबरोबर सुटली, पण मेलेल्याने आपल्या मातीत जावे हा आग्रह सुटला नाही. मोंबासात वा नैरोबीत मृत्यू आला की वर्गणी, गाडी, शवपेटी आणि दाविदा डोंगरातल्या वुंदान्यी गावाकडचा वळणांचा घाट. हे काही एकट्या ताइतांचे नाही, असे कुणी म्हणेल. ते खरे आहे. एस. एम. ओटिएनो या नैरोबीच्या नामवंत वकिलाचे शव कुठे पुरायचे यावरून त्यांची पत्नी आणि त्यांचे लुओ कुळ यांच्यात महिनोनमहिने खटला चालला आणि 1987 साली निकाल कुळाच्या बाजूने लागला, तेव्हा अख्खा केनिया त्या न्यायालयाकडे कान लावून बसला होता. ताइतांपुरते वेगळे एवढेच की त्यांच्याकडे पुरायच्या मातीचीच टंचाई आहे. 1948 साली त्सावो राष्ट्रीय उद्यान झाले आणि आज ताइता-तावेता जिल्ह्याच्या 17,084 चौरस किलोमीटरपैकी सुमारे 62 टक्के भूमी त्सावोच्या पूर्व-पश्चिम उद्यानांत आहे. शिवाय घायपात आणि खासगी कुरणे. पूर्वीची 'वर, मध्ये आणि खाली' अशी शेती त्यामुळे मोडली, वाटण्यांनी डोंगरावरचे तुकडे आणखी बारीक झाले, आणि पायथ्याच्या पिकात हत्ती शिरतात ते वेगळेच. शहराकडे ढकलणारे हात आजही हेच आहेत.

राहिला भाषेचा प्रश्न, आणि इथे मला माझा दावा थोडा आखडता घ्यावा लागतो. शहरात वाढलेली पोरे स्वाहिली बोलतात, नैरोबीत तिची 'शेंग' ही मिसळबोली. आजीशी बोलताना अडखळतात. सगालाची भाषा तर दाविदाच्या आणि स्वाहिलीच्या दुहेरी दाबाखाली आक्रसते आहे. एका नावाखाली येण्याचा हा तोटा धाकट्या डोंगरांनीच सोसला. तरीही नाव आणि भाषा यांचे दोर वेगळे आहेत, याचा दाखला 'मलाइका' या जगप्रसिद्ध स्वाहिली गाण्यात सापडतो. मिरियम मकेबा, हॅरी बेलाफोंटे, बोनी एम यांनी ते जगभर नेले. लग्नाला पैसा नाही म्हणून प्रेयसीपुढे हतबल झालेल्या तरुणाचे ते गाणे. त्याच्या कर्तेपणाचा वाद मिटलेला नाही, पण ते ध्वनिमुद्रित करून गाजवले फादिली विल्यमने. 1938 साली ताइता मुलखात जन्मलेला, नैरोबीत वाढलेला, आयुष्यातली अनेक वर्षे अमेरिकेत काढलेला आणि 2001 साली नैरोबीत वारलेला हा गायक. त्याने गायले स्वाहिलीत, पोट भरले परदेशात. त्याचे आडनाव होते म्दाविदा: दाविदाचा माणूस. डोंगरावर राहणाऱ्याला असे आडनाव लावायची गरज पडत नाही. तिथे सगळेच म्दाविदा.

परमुलखातून पैसा येतो त्याची रीत आता बदलली आहे. 2007 साली मोबाइलवरून पैसे धाडण्याची 'एम-पेसा' ही सोय सुरू झाली ती 'घरी पैसे पाठवा' या जाहिरातीवर, आणि 2024 साली परदेशस्थ केनियन लोकांनी मायदेशी धाडलेली रक्कम 4.9 अब्ज डॉलरच्या घरात गेली. त्यात ताइतांचा वाटा वेगळा मोजलेला नाही. मोजणीचा घोळ देशातही आहेच. 2013 पासून केनियाचा कारभार 47 जिल्हा-सरकारांत विभागला, आणि केंद्राचा पैसा त्यांच्यात वाटताना लोकसंख्या हा एक निकष असतो. 2019 च्या शिरगणतीत ताइता-तावेतात 340,671 माणसे भरली. शिरगणतीचा नियम साधा: 24 ऑगस्टच्या रात्री जो जिथे झोपला तिथला तो. मोंबासात झोपलेला ताइता मोंबासाचा धरला गेला. त्याच्या नावचा वाटा मोंबासाला. त्याच्या वर्गणीतून भरलेली शाळेची फी, पत्र्याचे छत, आईचे औषध मात्र डोंगरावर, आणि त्याच्यासाठी राखलेली साडेतीन हात जागाही तिथेच, भावाच्या केळीच्या बागेला लागून.